दुसऱ्या रविवारची हरकत

कोसाड, सुरत
सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम. आधी खुर्चीत बस, मग पुढं वाच. तुला मागणी आली आहे.

हो, तुलाच. काल संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि दारात योगराज बागुलकाका उभे. इस्त्रीचा शर्ट, ओले केस चापून बसवलेले, हातात पेढ्यांचा डबा. तुझ्या लक्षात असतीलच. नाताळात तू महिनाभर आमच्याकडे होतीस तेव्हा दर रविवारी चर्चच्या उपासनेला तुझ्यासाठी भिंतीकडची खुर्ची उचलून आणायचे ते. आमच्या शेजारच्याच इमारतीत एकटे राहतात. बारडोलीला साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. बायको आठ वर्षांपूर्वी वारली.

मला वाटलं पेढे नातवाचे असतील. काका खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी विचारलं की लीलाबाईंच्या घरात वडीलधारं कोण आहे. मी म्हटलं, घरात तीच सगळ्यांत मोठी, तिच्या वरचं आता कोणी उरलं नाही. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले की मग रीतीप्रमाणे तुमच्याकडेच विचारायला हवं. आणि मावशी, चौसष्ट वर्षांच्या माणसानं माझ्यासारख्या चौतीस वर्षांच्या बाईपुढं हात जोडून माझ्या मावशीला मागणी घातली. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला तरी मला पत्ता नाही.

महेश हजिऱ्याच्या कंपनीतली पाळी संपवून घरी आला तेव्हा मी त्याला पेढा दिला आणि बातमी सांगितली. तो पेढा हातात धरून बराच वेळ नुसता हसत बसला. खूप दिवसांनी त्याला असं हसताना पाहिलं.

फोनच करणार होते, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरतेस. ही गोष्ट तशी भरून चालणार नाही, म्हणून पत्र. मी काकांना म्हटलंय की विचारून कळवते. आता तू सांग, काय कळवू?

तुझीच, पण आता मुलीकडची झालेली,
सुवर्णा

*

जालना
शनिवार, ११ जानेवारी

चि. सुवर्णा,

हो कळव.

बाकीचं पत्र तू नंतर वाचलंस तरी चालेल, आधी शेजारच्या इमारतीत जाऊन हे दोन शब्द सांगून ये.

आलीस? आता ऐक. तुझं पत्र अर्धं वाचून मी चहा टाकायला उठले, तो उतू गेला, दुसरा टाकला, तोही गेला. मग शेजारच्या भागीरथीबाईंकडे जाऊन त्यांचा चहा प्यायले आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि माझ्या तोंडात साखरेची चिमूट घातली. एरवी माझ्या चर्चच्या गोष्टी त्यांना फारशा कळत नाहीत, पण ही लगेच कळली.

तुला एक सांगते, ते फक्त तुझ्या आईला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांची असताना नर्सिंगच्या होस्टेलवर मी देवाला म्हटलं होतं, मला एक चांगला नवरा दे. पुढं आमचे वडील अंथरुणाला खिळले, तुझ्या आईचं आणि दोन्ही मामांचं शिक्षण व्हायचं होतं. स्थळं आली तशी परत गेली. पण मी ते मागणं काही परत घेतलं नाही. रोज रात्री प्रार्थना संपताना म्हणायचे, आणि ते एक राहिलंय. त्रेचाळीस वर्षं झाली. तुझी आई हसायची, म्हणायची, ताई, आता देवालाही लाज वाटत असेल. मी म्हणायचे, त्यानं नाही म्हटलेलं नाही, मग मी कशाला गप्प बसू.

ते खुर्ची आणायचे तेव्हा ती एकदा स्वतःच्या रुमालानं पुसून ठेवायचे. मी पाहिलं होतं. मी काही बोलले नव्हते.

आता मुलीकडची आहेस तर तीन गोष्टींची चौकशी कर. घोरतात का? रागावले की बोलतात की गप्प बसतात? आणि पहिल्या बायकोचं नाव घेताना त्यांचा आवाज खाली येतो का? येत असेल तर बरं. येत नसेल तर मला कळव.

आणि साडीचं. आपल्यात नवरी पांढरी नेसते हे मला माहीत आहे. पण अडतीस वर्षं नोकरीत मी पांढरीच नेसले. मला आता पांढरी नको. तू सुरतेत साड्यांच्या कारखान्यात, तुमच्या भाषेत खात्यात, कामाला आहेस, दिवसभर तुझ्या हाताखालून हजार साड्यांच्या घड्या जातात. माझ्यासाठी एक डाळिंबी शोध. काठ बारीक असू दे.

या वयात मंगलाष्टकं न शोभणारी, पण शोभवून घेणारी,
लीलामावशी

*

कोसाड, सुरत
सोमवार, २० जानेवारी

प्रिय मावशी,

सलाम. तुझे दोन शब्द सांगायला मी त्याच संध्याकाळी गेले. उत्तराणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे दिवस, गच्चीवर सगळी पोरं ओरडत होती आणि काका बाल्कनीत अडकलेला मांजा सोडवत बसले होते. मी सांगितलं तशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, बसा, मी चहा करतो. चहा फारच वाईट होता, हे तुला आताच सांगून ठेवते.

चौकशीचा अहवाल असा. घोरतात, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. रागावले की गप्प बसतात आणि बाजारात जाऊन येतात, त्यामुळं घरात भाजी जास्त होते. पहिल्या बायकोचं नाव अनुसया. ते नाव घेताना आवाज खाली आला. तुला हवं होतं तसंच झालं, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही.

चर्चचे पाळकसाहेबही खूश आहेत. त्यांनी लग्नाआधीच्या शिकवणुकीचा छापील फॉर्म दिला, त्यात मुलं किती हवीत असा रकाना आहे. काकांनी तिथं रेघ मारली आणि खाली सही केली, कारखान्याची सवय. दोन, नऊ आणि सोळा फेब्रुवारी अशा तीन रविवारी तुमची नावं इकडे आणि तुझ्या जालन्याच्या मंडळीत वाचायची. कोणाची हरकत नसली तर शनिवारी बावीसला इथंच लग्न. पाच मार्चला राखेचा बुधवार, तिथून लेंटचे उपासाचे दिवस सुरू, मग ईस्टरपर्यंत आपल्यात लग्नं लागत नाहीत. म्हणून ही घाई.

डाळिंबी साडी सापडली आहे. मी घडी घालतानाच बाजूला काढून ठेवली.

आता रागावू नकोस, पण विचारते. बासष्टाव्या वर्षी कशाला, मावशी? तुझं घर आहे, तुझा वेळ तुझा आहे, कोणाचा डबा नाही, कोणाची वाट बघणं नाही. लग्नात असं काय आहे ते मला सांग, कारण मी बारा वर्षं ते करते आहे. महेश रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरतो तेव्हा मी खात्याला निघालेली असते. आम्ही फ्रिजवर चिठ्ठ्या लावून बोलतो. दूध आणलं. गॅस नोंदवला. कधी कधी वाटतं, एकाच मशीनवरचे पाळी बदलणारे दोन कामगार आहोत आम्ही. मी कधी कधी मनात हिशेब करते की वेगळे राहिलो तर नेमकं काय बदलेल. फारसं काही बदलणार नाही, असं उत्तर येतं.

हे लिहायचं नव्हतं. पण आता पेनानं लिहिलंय, खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील.

तुझी,
सुवर्णा

*

जालना
रविवार, २६ जानेवारी

चि. सुवर्णा,

नाहीच रागावले. तू विचारलंस माझ्या लग्नाबद्दल आणि सांगितलंस तुझ्या लग्नाबद्दल. दोन्हीचं उत्तर एकच आहे, तेव्हा एकदाच लिहिते.

तू शब्बाथशाळेत मुलांना शिकवतेस, म्हणून बायबलातली ही जागा तुला पाठ असेल. जाणती, शिकलेली माणसं प्रभूकडे येतात आणि विचारतात की बायको सोडता येते का. म्हणजे आत येण्याआधीच बाहेर जायचं दार कुठं आहे ते बघून ठेवायचं. प्रभू त्यांना उत्तर देतो ते सोड. मला नेहमी नवल वाटतं ते पुढच्याच गोष्टीचं. लगेच बायका लेकरं घेऊन येतात, शिष्य त्यांना हाकलतात, आणि प्रभू शिष्यांवर रागावून त्या लेकरांना उचलून घेतो. लग्नाचं बोलणं आणि लेकरांची गोष्ट एकाला एक लागून लिहिली आहे. अनेक वर्षं मला वाटायचं, ते सहज तसं आलं असेल.

मी मुलांच्या वॉर्डात होते ना. ताप उतरलेलं पोर काही विचारत नाही. मी खुर्चीत बसलेली दिसले की येऊन मांडीवर चढतं. किती वेळ बसू, कधी उठवशील, काही नाही. सगळं वजन टाकून बसतं. मला वाटतं देवाकडे असंच जायचं असतं आणि लग्नातही असंच बसायचं असतं. तू बारा वर्षं खुर्चीच्या कडेवर बसली आहेस, पोरी, उठायच्या तयारीत. महेशही बसला असेल. पाळ्या तर आमच्या इस्पितळातही होत्या.

मला काय हवं आहे ते विचारलंस. पंख्याचा वेग किती ठेवायचा यावर भांडायला कोणीतरी हवं आहे. माझ्या एका कानानं ऐकू येत नाही ते ज्याला ठाऊक आहे आणि म्हणून जो दुसऱ्या बाजूला बसतो, असं माणूस हवं आहे. आणि मागितलं होतं, आलं आहे, तर घ्यायला मी लाजणार नाही. एवढंच आहे.

तू एक कर. चिठ्ठी लावतेसच, तर दुधाच्या खाली आणखी एक ओळ लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

इकडे मला झोप येत नाही. शनिवार बावीस, शनिवार बावीस असं आपोआप तोंडात येतं. भागीरथीबाईंनी मला हळद लावायचं ठरवलं आहे. मी म्हटलं, लावा. चर्चमधल्या बायकांनीही ठरवलं आहे. म्हणजे मला दोनदा लागणार.

तुझी पिवळी व्हायला निघालेली,
मावशी

*

कोसाड, सुरत
सोमवार, १० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

सलाम. इकडे सगळं ठीक आहे. नावं वाचायचा दुसरा रविवारही झाला. थंडी गेली, दुपारी ऊन लागायला लागलं आहे. खात्यात लग्नसराईची धांदल आहे, म्हणून मोठं लिहायला जमत नाही.

एक मनात आलं. एवढी घाई कशाला करायची? ईस्टर झाल्यावर निवांत केलं तर? तुझंही सामान आवरायचं आहे, गुडघा दुखतोय असं मागं म्हणत होतीस. तू बावीसचं तिकीट अजून काढलं नसशील तर काढू नकोस. बाकी सगळं ठीक.

तुझी,
सुवर्णा

*

जालना
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सुवर्णा,

एका पानात दोनदा सगळं ठीक आहे असं लिहिलंस. मी नर्स होते. सगळं ठीक आहे असं न विचारता सांगणाऱ्या पेशंटच्या काखेत मी आधी थर्मामीटर घालायचे.

माझा गुडघा तीन वर्षं दुखतोय, तो काही लग्नामुळं दुखत नाही. इकडेही दुसऱ्यांदा नावं वाचली. आमच्या पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाची हरकत? मागच्या बाकावरच्या बायका हसल्या. मी बावीसचं नाही, एकोणीसचं तिकीट काढून ठेवलं होतं. ते आता पर्समध्येच आहे, पण त्यावर गाडीत बसायचं की नाही ते तुझ्या पुढच्या पत्रावर.

त्यांना काही झालंय का? आजारी आहेत का? की मन बदललं? मला जे असेल ते सांग. मी मोठी बाई आहे. वाईट बातमी लेकरासारखी ऐकता येते मला. लेकरं रडतात आणि मग झोपतात.

मावशी

*

कोसाड, सुरत
मंगळवार, १८ फेब्रुवारी

मावशी,

मला माफ कर. आता सगळं लिहिते.

नऊ तारखेला उपासनेत पाळकसाहेबांनी नावं वाचली. मग नेहमीचं विचारलं की या दोघांच्या विवाहाला कोणाची काही हरकत असल्यास त्यानं आता सांगावं. असं विचारलं की दोन क्षण थांबतात आणि पुढं जातात, तुला ठाऊकच आहे. आजवर कोणी उत्तर दिलेलं मी पाहिलं नाही. योगराजकाका उठून उभे राहिले.

सगळ्यांना वाटलं, त्यांना काही आभार मानायचे असतील. एरवी आमच्याशी शुद्ध बोलतात, त्या दिवशी घरची अहिराणी तोंडात आली. म्हणाले, "साहेब, मले एक हरकत शे."

काका पुढं म्हणाले, "अनुसया जावाना आधी मी तिले वचन देयेल शे. दुसरं लगीन करसू नही. तुम्ही इचारं, म्हणीसन सांगं."

आणि खाली बसले. मावशी, नवऱ्यानंच स्वतःच्या लग्नाला हरकत घेतली, असं कधी कोणी ऐकलंय का? नंतर चर्चच्या पंचांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की हे मागणी घालताना का नाही सुचलं. ते म्हणाले की तीस वर्षं काट्यावर गाडी उभी राहिली की जो आकडा दिसेल तोच मोठ्यानं सांगायचा, ही सवय. मागणी घालताना कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या रविवारी विचारलं तेव्हा ते गप्प बसले आणि आठवडाभर जेवण गेलं नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा त्यांना बसवेना.

पाळकसाहेबांनी तिसरं वाचन थांबवलं. जालन्याच्या पाळकांना ते फोन करणार होते. मीच अडवलं, म्हटलं, मावशीला मी सांगते. आणि सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, तेही लिहिते. काका उभे राहिले तेव्हा माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात मला बरं वाटलं. तू लग्नासाठी एवढी वेडी झाली होतीस की माझं लग्न मला त्याच्यापुढं फिकं दिसायला लागलं होतं. वाटलं, बरं झालं, मावशीलाही कळेल की हे असंच असतं. असं वाटलं आणि मग माझी मलाच इतकी लाज वाटली की मी गुडघ्याचं निमित्त लिहिलं.

काका त्या दिवसापासून घराबाहेर पडत नाहीत. तुला लिहायचं धाडस होत नाही असं म्हणाले. भाजी मी नेऊन देते. महेश पाळीवर जाण्याआधी रोज त्यांच्याकडे दहा मिनिटं जाऊन बसतो. मी न सांगता.

सुवर्णा

*

जालना
शनिवार, २२ फेब्रुवारी

माननीय योगराजराव,

सलाम. आज आपलं लग्न होतं. अठरालाच शेजारच्या आणि चर्चमधल्या बायका हळद घेऊन आल्या होत्या, त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं.

सुवर्णाचं पत्र काल मिळालं. खरं सांगते, मी आधी हसले. स्वतःच्या लग्नाला भर मंडळीत हरकत घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. मग रडले, चांगलीच रडले. आणि मग मनात आलं की त्रेचाळीस वर्षं मी देवाकडे नेमकं असंच माणूस मागितलं होतं, विचारलं की खरं सांगणारं. तेव्हा तुम्ही तोंड लपवून बसू नका. मला तुमचा राग आलेला नाही.

पण मला तीन गोष्टी ठाऊक व्हायला हव्यात. जे घडलं तेच सांगा, मला बरं वाटावं म्हणून काही कमीजास्त करू नका. ते वचन अनुसयाबाईंनी मागितलं होतं का? तुम्ही दिलं तेव्हा त्या शुद्धीवर होत्या का? आणि त्या काय म्हणाल्या?

त्यांनी मागितलं असेल आणि तुम्ही दिलं असेल, तर ते पाळा. जाणाऱ्या बाईनं मागितलेलं मोडून मी त्या घरात जेवणार नाही. मी जालन्यातच राहीन, तुमच्यासाठी रोज प्रार्थना करीन आणि माझं मन खट्टू होईल, पण ते माझं मी बघेन.

पण मी अडतीस वर्षं खाटांच्या शेजारी उभी होते. सुई दिसली की पोरं म्हणायची, सिस्टर, मी परत कधीच बर्फाचा गोळा खाणार नाही, कधीच नाही. कोणी मागितलेलं नसायचं. भीतीनं जे हातात असेल ते देऊन टाकायची. मोठी माणसंही तसंच करतात, फक्त गोळ्याऐवजी मोठं काही देतात. मी त्या पोरांना पुढं कधी त्या शब्दात धरून ठेवलं नाही. आपला स्वर्गातला बाप माझ्याहून वाईट असेल असं मला वाटत नाही.

तुमचं तसं असेल तर लेकरासारखं त्याच्याकडे जा आणि सांगा की मी घाबरून बोललो होतो. तसं नसेल तर काही सांगायला नको. काय ते तुम्हालाच ठाऊक. मी उत्तराची वाट बघते आहे.

आपली,
लीला

*

कोसाड, सुरत
बुधवार, २६ फेब्रुवारी

माननीय लीलाबाई यांस,

सलाम. तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. तीन वेळा वाचलं. विचारलेल्याची उत्तरं क्रमानं देतो.

एक. तिने मागितलं नव्हतं.

दोन. ती शुद्धीवर होती. दुपारची वेळ होती. डॉक्टर येऊन गेले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजलं होतं. मी तिचा हात धरला आणि ते बोललो. बोलताना मला वाटत होतं की मी इतकं मोठं काही दिलं तर ती थांबेल. म्हणजे मी तिला नाही, देवाला देत होतो, बदल्यात.

तीन. ती काय म्हणाली हे मला आजवर कोणी विचारलं नाही. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. तुमचं पत्र वाचून जिन्यात बसलो आणि आठवलं. ती म्हणाली, "तुमले साधा भात बी रांधता येस नही." आणि हसली. त्रास होत होता तरी हसली. मग डोळे मिटले. संध्याकाळी गेली.

आठ वर्षं मी माझंच बोलणं धरून ठेवलं. तिचं उत्तर मोजलंच नाही. माझ्यासारख्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

पत्र वाचून झाल्यावर मी दार लावून गुडघे टेकले. मोठी प्रार्थना मला येत नाही. म्हटलं, मी तेव्हा घाबरून बोललो होतो, मला मोकळं कर. काही ऐकू आलं नाही. पण उठलो आणि चोवीस दिवसांनी मला भूक लागली. दुपारी पाळकसाहेबांकडे गेलो आणि त्यांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, रविवारी तिसऱ्यांदा वाचू, पण ते तुमची इच्छा असेल तरच.

तुमची इच्छा असेल का, एवढंच मला विचारायचं आहे. हे पत्र पोचायला दोन दिवस लागतील. नाही म्हणायचं असेल तर सुवर्णाच्या फोनवर एक शब्द कळवा. हो असेल तर काही कळवू नका, मी समजेन.

आपला,
योगराज बागुल

*

कोसाड, सुरत
रविवार, २ मार्च

माझी लाडकी मावशी,

सलाम, आणि आणखी शंभर सलाम. हे पत्र मी उपासनेहून आल्या आल्या, चप्पल पायात असतानाच लिहायला घेतलं आहे.

शुक्रवार दुपारपासून मी फोन हातातून खाली ठेवला नव्हता. शनिवारी काका तीनदा येऊन गेले. विचारायचे काही नाहीत, दारात उभे राहून माझ्या हातातल्या फोनकडे बघायचे आणि परत जायचे. आज सकाळी आठपर्यंत तुझा एक शब्दही आला नाही. मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, काका, काही आलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तू फोन न करता एवढं मोठं बोलू शकतेस हे मला माहीत नव्हतं.

महेशनं आजची पाळी दुसऱ्याला दिली. बारा वर्षांत लग्नकार्य सोडलं तर पहिल्यांदाच. सभागृहात तो माझ्या शेजारी बसला. मी गेल्या महिन्यात दुधाखाली एक ओळ लिहिली होती, ती काय ते तुला सांगणार नाही. त्यानं तिचं उत्तर लिहिलं नव्हतं. मी समजले होते की वाचलीच नसेल. आज प्रार्थनेला उभे राहिलो तेव्हा ती चिठ्ठी त्याच्या बायबलात खुणेसारखी ठेवलेली दिसली. मग मी कडेवर बसायचं सोडून त्याच्याजवळ सरकून नीट बसले.

पाळकसाहेबांनी नावं वाचली. लीला आणि योगराज. तिसरी आणि शेवटची वेळ. मग कागदावरून डोळे वर करून त्यांनी विचारलं की कोणाची हरकत असल्यास आता सांगावं. सगळ्या माना एकदम काकांकडे वळल्या.

काका उभे राहिले.

महेशनं माझं मनगट घट्ट धरलं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, बागुल, आता काय?

काकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हरकत नही, साहेब. घाई शे."

पाळकसाहेब म्हणाले की बुधवारपासून लेंट आहे, ईस्टरपर्यंत थांबावं लागेल. ते कोणालाच ऐकू गेलं नाही, कारण सगळी मंडळी हसत होती, आणि मी रडत होते, मावशी, अगदी लेकरासारखी.

तुझी,
सुवर्णा